पाणमांजर आणि तरवड

पैठणच्या धरणाखाली गोदावरी जालना, बीड, परभणी करत नांदेडकडे जाते. काठच्या काळ्या रानात ऊस उभा असतो. थोडे वर चढले की मुरमाड माळ लागतो. सातबाऱ्यावर ज्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी होते, त्याच माळावर भाद्रपद-आश्विनात तरवड पिवळाधमक फुलतो. नवरात्रात घटाला त्याची माळ चढते. नदी तेलंगणात शिरली की हाच तरवड तंगेडू होतो आणि तिथे त्याला राज्यफुलाचा मान आहे.

या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागासाठी, आणि पराग असतो परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्राआड. भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा कुठे पिवळी पूड त्याच्या पोटावर उडते. कान दिला तर हा गुणगुणाट उडण्याच्या आवाजापेक्षा वेगळा ऐकू येतो.

खाली नदीच्या खोऱ्यातला प्राणी म्हणजे पाणमांजर, अर्थात ऊद. (उदमांजर ते निराळे, ते झाडावर चढते.) वजन 7 ते 11 किलो, बोटांमध्ये पडदे, शेपटी चपटी, गढूळ पाण्यात मासा हलला की मिशांना कळते. देवमाशासारखा चरबीचा थर त्याच्याजवळ नाही. दाट लवेत अडकलेली हवाच त्याला ऊब देते, आणि याच लवेपायी त्याची शिकार होत आली. 2019 मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ती आज असुरक्षित गणली जाते.

तरवडाचा संबंधही कातड्याशीच आहे, कारण कातडी कमावायला त्याची टॅनिनयुक्त साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मात्र छाटलेला तरवड बुंध्यातून पुन्हा फुटतो, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि खडकाळ जमीनही त्याला पुरते. पाणमांजराच्या गरजा इतक्या थोड्या नाहीत. त्याला बारमाही डोह लागतो, मासळी लागते, बिळासाठी न ढासळलेला काठ लागतो. ठरावीक खडकांवर ते विष्ठा टाकते, आणि तिच्यातले खवले व काटे पाहूनच जाणकार त्याचा माग काढतात. पावसाळा सरून पाणी ओसरले की वाळूचा उपसा सुरू होतो. डोळे न उघडलेली पिल्ले बिळात असतात तीही बहुधा याच हिवाळ्यात, आणि जेसीबीचा दात काठाला लागला की बिळाचे तोंडच खाली येते.