लाल धुळीचा माग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका जुन्या घराच्या सोप्यावर पोते अंथरले आहे, आणि त्या पोत्यावर गेली सोळा वर्षे बंद असलेले 98 सीसीचे एक इंजिन ठेवले आहे. हे घर माझ्या आजोळचे असून इंजिन माझ्या मामांच्या यामाहा आरएक्स 100 चे आहे. 1985 ते 1996 या काळात भारतात तयार झालेली ही गाडी मुळात रस्त्यासाठीची होती. मातीवर धावण्यासाठीच घडवलेली, 1968 ची 246 सीसीची यामाहा डीटी-1 आमच्या पेठेत कोणी फोटोपलीकडे पाहिलेली नव्हती, त्यामुळे मामांच्या पिढीने शर्यतींसाठी हाती होती त्या गाडीलाच मातीची सवय लावली. पुढचे मडगार्ड उंच केले, दिवे उतरवले, चेनचे मागचे चक्कर जास्त दात्यांचे बसवले, आणि इंजिनाला हवा मोकळी मिळावी म्हणून एअर फिल्टर काढून टाकला. या शेवटच्या बदलाचा हिशेब आज उघडायचा आहे.

इंजिन खोलण्यापूर्वी ते धुतले पाहिजे, कारण बाहेरची माती आत गेली तर आतली कोणती आणि बाहेरची कोणती हे पुढे सांगता येत नाही. रॉकेल आता सहजी मिळत नसल्याने मामांनी डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेतला आहे. कार्ब्युरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड चिंधीने घट्ट बंद केले आहे. सिलिंडरच्या पात्यांमध्ये भाजून विटेसारखी कडक झालेली तांबडी माती दिसते. पंचगंगेच्या काठची जमीन काळी आहे. हा रंग पन्हाळ्याच्या बाजूच्या जांभ्याच्या पठारांचा आहे. ही माती वाळली की तिची इतकी बारीक धूळ होते की ती कपड्याच्या विणीतूनही आत शिरते.

जे नट फार घट्ट बसलेले असतात ते इंजिन चॅसीत असतानाच सैल करून ठेवावेत, हा घरी काम करणाऱ्याने पाळण्याचा पहिला नियम आहे. पुढचे चेन चक्कर सोडवताना चेन जागेवर असेल आणि मागचा ब्रेक कोणी दाबून धरला असेल, तर पान्याला जोर लावता येतो. इंजिन एकदा खाली उतरले की तेच काम दोन माणसांनाही आवरत नाही. हे आम्ही आदल्या दिवशी उरकले होते.

गिअरचे ऑइल काढल्यावर ते काळे न दिसता दुधाळ, चहाच्या सायीसारखे दिसले. म्हणजे आत पाणी शिरले होते. कोल्हापूरच्या पावसात अंगणात उभी राहिलेली गाडी म्हटल्यावर त्यात नवल नव्हते. मामांनी ऑइलमधून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला लागलेला कीस त्यांनी बोटांवर चोळून पाहिला, आणि तो पिठासारखा बारीक निघाल्यावर त्यांनी मान डोलावली. तुकडे आले असते, तर गिअरचा दात गेला असे समजायचे.

आता स्क्रूंकडे पाहू. या जपानी धाटणीच्या इंजिनाचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला पुरते जुळत नाहीत. वरवर सारखे दिसले तरी खाचेचा तळ वेगळा असल्याने नेहमीचा स्क्रूड्रायव्हर वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. म्हणून इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरला आहे. त्याच्या डोक्यावर हातोडीचा ठोका बसला की टोक एकाच वेळी खाली दाबले जाते आणि फिरते. निघालेल्या प्रत्येक स्क्रूची लांबी निराळी आहे. गुळाच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून मामांनी त्यावर झाकणाचा आकार पेन्सिलीने काढला, जिथे स्क्रू तिथे भोक पाडले आणि निघालेला स्क्रू त्याच भोकात खोचला. लांब स्क्रू आखूड जागी गेला, तर तो ॲल्युमिनियमचा आटा फोडून बाहेर येतो. हा पुठ्ठा आमच्या घरातील सर्वांत स्वस्त हत्यार आहे, आणि मला विचाराल तर सर्वांत मोलाचेही.

सिलिंडरवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, चार नट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे, क्रमाने सैल केले. हे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि त्याच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे हेड निघाले की थेट पिस्टनचा माथा दिसतो. त्यावरील बाण पुढे, सायलेन्सरच्या बाजूला असतो. सिलिंडर मात्र सरळच वर उचलावा लागतो. तो डावीउजवीकडे फिरला, तर रिंगेचे टोक खिडकीसारख्या पोर्टमध्ये अडकून तुटते. मी उचलताना किंचित वळवला, तेव्हा मामा एवढेच म्हणाले, "बाळा, हे बाटलीचं बूच न्हवं. सरळ वर घे."

पिस्टन हातात आल्यावर या इंजिनाचा सगळा इतिहास दिसू लागला. पिस्टनचा पुढचा, म्हणजे गरम वायू बाहेर पडतात त्या बाजूचा भाग जवळजवळ गुळगुळीत आहे. ऑइल कमी पडून किंवा इंजिन तापून पिस्टन जाम झाला असता, तर खरडल्याच्या खुणा तिथे दिसल्या असत्या. मागच्या बाजूचा, जिथून हवा आणि पेट्रोल आत येते तो भाग मात्र करडा आणि निस्तेज आहे. प्रकाशात तिरका धरला की त्यावर केसाएवढ्या असंख्य उभ्या रेघा दिसतात. नखाने हलकेच ओढले, तर नख त्या रेघांत अडखळते. या खुणा धुळीच्या आहेत.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिलिमीटरचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तीही 50 मिलिमीटरचीच असते, आणि त्यातून 98 सीसी येतात. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी, अशी सहा मापे घेतली. सिलिंडर मागच्या बाजूला अधिक झिजला आहे. तो आतून कोरून, म्हणजे बोअर करून, किंचित मोठा, ओव्हरसाइज पिस्टन बसवता येईल, आणि उद्यमनगरात हे काम एका दिवसात होते. बहुतेक जण इथेच थांबतात.

मामाही एकदा इथेच थांबले होते. शेवटच्या शर्यतीपूर्वी एका गॅरेजमध्ये त्यांना नव्या रिंगा बसवून देण्यात आल्या आणि इंजिन ठीक आहे, खाली काही पाहण्याची गरज नाही, असे सांगण्यात आले. चार महिन्यांत खालून खडखड सुरू झाली आणि गाडी उभी राहिली ती आजपर्यंत. चूक कुठे झाली, हे टू-स्ट्रोकच्या रचनेतच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण वरूनच सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा क्रँक खालच्या ऑइलमध्ये वेगळा राहतो. इथे मात्र मिश्रण आधी क्रँकच्या कप्प्यात उतरते, तिथे दाबले जाते आणि मग वर चढते. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगला मिळणारे तेलही याच मिश्रणातून मिळते. म्हणून फिल्टरशिवाय आत आलेली धूळ पिस्टनपाशी जितकी पोहोचते, तितकीच तिची झळ क्रँकला लागते, आणि तिथे ती तेलात कालवून घासायची पेस्ट बनते. मातीत पळालेल्या टू-स्ट्रोकचे केवळ वरचे काम करणे मला तरी अर्धवट वाटते.

मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावर बसलेले वीज तयार करणारे चुंबकाचे चाक, काढण्यासाठी पुलर हे ओढून काढायचे हत्यार लागते. हातोडीने ठोकले तर क्रँक वाकतो आणि चुंबकही कमजोर होतो. मॅग्नेटच्या मागे बसणाऱ्या ऑइल सीलची कड कडक होऊन चिरली आहे. या बाजूचा सील गेला की इंजिन जादा हवा ओढते आणि तापते. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचे ऑइल ओढून पांढरा धूर सोडते. त्या बाजूचा नट सैल करताना दोन गिअर एकमेकांत अडकवून ठेवावे लागतात. त्यांच्यामध्ये घालण्यासाठी मामांनी खिशातून भोकाचा जुना पैसा काढला. पैसा मऊ असल्याने गिअरच्या दातांना धक्का लागत नाही.

शेवटी दोन्ही केस, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याचे दोन अर्धे भाग, वेगळ्या करायच्या. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह इथे आवरावा लागतो, कारण पॅकिंगच्या जागी एक ओरखडा पडला तरी पुढे गळती कायमची. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते, त्यामुळे केस शेगडीवर सावकाश तापवली आणि पाण्याचा थेंब तिच्यावर चुरचुरू लागला की बेअरिंग जवळजवळ आपोआप खाली येते. आमचे आले ते टक् असा आवाज करून फडक्यावर पडले.

क्रँक बाहेर आला. मामांनी एका हाताने त्याचे पाटे धरले, दुसऱ्या हाताने कनेक्टिंग रॉड वरखाली ढकलला आणि मला कान जवळ आणायला सांगितले. आडवी हालचाल थोडी चालते, पण उभी अजिबात चालत नाही. इथे उभी होती, आणि प्रत्येक ढकलण्याबरोबर बारीक खट् ऐकू येत होते. रॉडच्या बाजूच्या फटीतून त्यांनी सुईने थोडा मळ काढून पांढऱ्या कागदावर पसरला. तेलात भिजलेला तो मळ तांबडा होता.

या क्रँकचे दोन पाटे आणि मधली पिन एकमेकांत दाबून बसवलेली असतात. ती घरी उघडता येत नाही. त्यासाठी प्रेस लागतो, आणि पुन्हा बसवल्यावर दोन सेंटरमध्ये फिरवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत डायल गेजने सरळ करावा लागतो. ऑइल इंजिनांच्या कामावर उभ्या राहिलेल्या शिवाजी उद्यमनगरात हे करणारे हात आजही आहेत. मामांनी क्रँक ऑइलच्या कागदात गुंडाळला, वर वर्तमानपत्र लपेटले आणि लागणाऱ्या सामानाची यादी माझ्याकडून लिहून घेतली: रॉड किट, दोन बेअरिंग, चार सील, पॅकिंगचा संच, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा. मी कागद घडी करू लागलो, तेव्हा त्यांनी तो परत मागून घेतला आणि तळाशी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: एअर फिल्टर, दोन नग.