जांघेत अवधाण का येतं?

पायात काटा मोडतो. आपण तो काढतो, पाय धुतो आणि विसरून जातो. दोन दिवसांनी चालताना जांघेत ठणका लागतो, हात लावून बघितलं तर गोटीएवढी गाठ लागते हाताला. घरातलं कुणीतरी मोठं माणूस लगेच सांगतं, अवधाण आलंय, पायाला काही लागलंय का बघ. आणि ते बरोबर असतं! पण लागलं तळपायाला आणि दुखतंय जांघेत, असं का?

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घेऊ. रक्त नळ्यांमधून बंदिस्त फिरतं असं आपण धरून चालतो, पण सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या सतत पाझरत असतात आणि त्या पाझरलेल्या पाण्यातूनच पेशींपर्यंत पोषण पोचतं. त्यातलं दिवसाला साधारण 3 लिटर पाणी मागे राहतं. अंगात रक्तच मुळात 5 लिटरच्या आसपास, म्हणजे हे पाणी परत आलं नाही तर एका दिवसात जिवावर बेतेल. ते परत आणणाऱ्या वेगळ्या नळ्या असतात, त्या म्हणजे लसीकावाहिन्या, आणि आतलं पाणी म्हणजे लसीका, डॉक्टर ज्याला लिम्फ म्हणतात.

1622 साली इटलीत गॅस्पारे असेल्ली नावाच्या डॉक्टरला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यांजवळ पांढरे धागे दिसले. त्याला वाटलं मज्जातंतू असतील, म्हणून एक कापून बघितला तर दुधासारखं पाणी बाहेर आलं. ते अन्नातलं फॅट होतं आणि ते धागे म्हणजे याच लसीकावाहिन्या, कारण आतड्यातलं बरंचसं फॅट थेट रक्तात न जाता आधी लसीकेत जातं.

या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः थोड्या आवळतात, बाकीचं काम चालताना दाबले जाणारे स्नायू आणि आपला श्वास करतो, आणि आतल्या झडपा एकाच बाजूला उघडतात म्हणून पाणी मागे येत नाही. सगळं शेवटी गळ्याच्या हाडाजवळ मोठ्या शिरेत जाऊन मिसळतं.

पण रक्तात मिसळायच्या आधी हे पाणी गाठींमधून गाळून जातं. मान, काख, जांघ, पोट, अशा कितीतरी गाठी आहेत अंगात, काही शे. पायाकडून येणारी बरीचशी लसीका जांघेतल्या गाठींमधून जाते.

आता परत काट्याकडे. काट्याबरोबर बॅक्टेरिया आत गेले की पहिल्या काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, बॅक्टेरिया गिळतात आणि स्वतः मरतात, जखमेतला पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. पण तिथे आणखी एक पेशी असते, फांद्या फुटल्यासारखी दिसणारी, डेंड्रायटिक सेल. ती बॅक्टेरियाचा तुकडा अंगावर घेते आणि लसीकेतून जांघेच्या गाठीपर्यंत जाते. राल्फ स्टाइनमन यांनी ही पेशी 1973 मध्ये जगासमोर मांडली, 2011 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा त्यांना जाऊन 3 दिवस झाले होते आणि समितीला ते माहीतच नव्हतं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

गाठीत काय होतं ते मात्र नीट बघा. तिथे टी पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराची, गर्दी असते आणि प्रत्येकीला फक्त एखादाच ठराविक तुकडा ओळखता येतो. लाखात एखादीच असेल जिला नेमका हा तुकडा ओळखू येईल. डेंड्रायटिक सेल तुकडा दाखवत राहते, टी पेशी येतात, चाचपतात, नाही जुळलं की काही तासांनी पुढच्या गाठीकडे निघतात, आणि जी जुळते ती तिथेच थांबते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी काही दिवसांत हजारोंनी वाढते. शेजारी बी पेशी, हाही पांढऱ्या पेशींचाच प्रकार, अँटीबॉडी बनवायच्या तयारीला लागतात. एवढी माणसं एका खोलीत कोंबल्यावर खोली फुगणारच! तीच ती गोटी, तोच ठणका.

लस घेतल्यावर कधीकधी काखेत दुखतं तेही यामुळेच. पण न दुखणारी, कडक, काही आठवडे झाले तरी न जाणारी गाठ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

काट्याची जखम भरते, गाठ हळूहळू बसते. वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात, थोड्या उरतात, आणि त्या उरलेल्या पुढची कित्येक वर्षं गाठींमधून रक्तात, रक्तातून परत गाठींमध्ये, तोच तुकडा शोधत फिरत राहतात.