२८ आठवडे, २८ सेंटिमीटर

[दृश्य: वाळपई, सत्तरी, गोवा. पावसाळी सकाळ. दारात निथळणाऱ्या छत्र्या, आत गरोदर बायकांची तपासणी.]

टेबलावर चढण्याआधी नर्स विचारते, "लघवीला जाऊन आलीस ना?" मूत्राशय भरलेलं असलं की गर्भपिशवी वर सरकते आणि मापात तीनेक सेंटिमीटरची चूक होऊ शकते.

पाय सरळ. टेपचं शून्य ओटीपोटाखालच्या हाडावर, दुसरं टोक पिशवीचा माथा हाताला लागतो तिथे. आकडे पोटाच्या बाजूला, उलटे. कार्डावरचे आठवडे आधीच वाचलेले असतात. आकडे समोर दिसले तर बोट नेमकं तिथेच थांबतं. टेप उलटली: २८. आठवडेही २८.

चोविसाव्या आठवड्यापासून हा मेळ बसतो, दोन इकडे-तिकडे चालतात. फरक त्याहून मोठा असेल तर पाळीची तारीख चुकली, जुळं आहे, बाळ आडवं आहे, गर्भजल कमी-जास्त आहे, की वाढच मंदावली, हे सोनोग्राफीत बघावं लागतं.

[दृश्य: बोटावर रक्ताचा थेंब.]

हिमोग्लोबिन ११.२. तिसऱ्या महिन्यात १२.४ होतं. लोहाच्या गोळ्या न चुकता घेऊनही उतरलं कसं? उकड्या तांदळाची पेज आठवा. शितं थोडी वाढवली, पाणी मात्र भरपूर घातलं, तर पेज पातळच होणार. रक्तातला द्रव जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी. हे पातळ रक्त वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, सहज खेळतं. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त एकट्या गर्भपिशवीकडे जातं. बाळंतपणात जाणारं रक्तही या वाढीव साठ्यामुळे सोसतं. पण आकडा ११ च्या खाली गेला की पेजेचा दाखला पुरत नाही, तो ॲनिमिया.

गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. मळमळत असेल तर रात्री जेवून. शौचाला काळं होतं ते लोहामुळे. एवढ्यासाठी गोळी सोडणाऱ्या बायका कमी नाहीत.

[दृश्य: टेबलावर उताणी झोपलेली गरोदर बाई. कपाळावर घाम.]

"गरगरतं मला." "डाव्या कुशीवर वळ बघू." मिनिटभरात चेहऱ्यावर रंग येतो. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला कण्याच्या उजव्या अंगाला असते आणि उताणं झोपलं की पिशवीचा भार तिच्यावर पडतो. रात्री चुकून उताणं झोपलात तर घाबरू नका, जाग आली की कूस बदला.

संध्याकाळी पाय सुजणं बहुतेकींना होतं. चेहरा, बोटं सुजली, अंगठी निघेना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, तर लगेच रक्तदाब मोजायचा. १४०/९० किंवा वर असेल तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसायचं नाही, १०८ लावायचा.

[दृश्य: पाळणा. घुगऱ्यांची वाटी.]

दिवस राहण्याआधी ही पिशवी मुठीएवढी, ६०-७० ग्रॅमची. नवव्या महिन्यात, बाळ-वार-पाणी वगळून, किलोभर. बाराव्या दिवशी बारसं होतं, तोवर ती ओटीपोटाच्या हाडामागे गेलेली असते. पोटावरून चाचपली तर लागत नाही.