गाडी चढावर चढते, नदी उलटी वाहते

(दृश्य: झाडीतून जाणारा अरुंद रस्ता. रस्त्याच्या कडेला एक पांढरा खांब. गाडी खांबाशी थांबते.)

गाडी न्यूट्रलमध्ये आहे. ब्रेकवरून पाय काढलाय. आम्ही नुकतेच एक टेकाड उतरून खाली आलोय, आणि गाडी आता हलायला लागलीय. मागं. म्हणजे जिथून उतरलो, त्याच चढावर.

मागच्या सीटवर रत्नागिरीहून आलेली माझी आई आहे. ती म्हणते, “अरे, ब्रेक लाव, गाडी मागं चाललीय!”

मागं चाललीय हे खरं. पण मागं चढ आहे.

(दृश्य: गाडी मागं मागं जात वेग घेते. आईचा चेहरा.)

हे कॅनडाच्या पूर्वेकडचं न्यू ब्रन्सविक. मंक्टन शहराच्या कडेची ही जागा मॅग्नेटिक हिल या नावानं ओळखली जाते. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, थँक्सगिव्हिंगची जोडून आलेली सुट्टी. अमेरिकेतला हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. तोवर उत्तरेकडची बहुतेक झाडं उघडी पडलेली असतात. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. १९५७ साली तसं ठरलं, आणि पानांच्या बाबतीत कॅनडावाल्यांनी बाजी मारली. इथं या दिवसांत मेपल ऐन बहरात असतो. पानं गळायच्या ऋतूला बहर म्हणावं का, हा प्रश्न आहेच. पण समोर हे दिसत असताना दुसरा शब्द सुचत नाही.

(दृश्य: लाल-केशरी डोंगरउतार.)

पण आधी गाडीचं बोलू. आई अजून स्वस्थ बसलेली नाही.

१९३३ साली सेंट जॉन शहरातल्या एका वर्तमानपत्राचे तिघे पत्रकार या चढाची वदंता ऐकून त्याचा शोध घेत इथं आले. सकाळपासून दिसेल त्या टेकाडावर गाडी सोडून बघत होते. शेवटी हा रस्ता सापडला, बातमी छापून आली आणि माणसांची रीघ लागली. रस्त्यालगत दुकान आलं, मग नाव आलं. त्या नावातलं मॅग्नेटिक म्हणजे निव्वळ दुकानदारी. चुंबकाचा इथं काही संबंध नाही. असता, तर रस्त्याकडेच्या चरातलं पाणीही चढावर गेलं नसतं. लोखंड ओढलं जाईल, पाणी कसं जाईल?

मग होतं काय?

आपल्याला चढ-उतार कळतो तो मुख्यतः क्षितिजावरून. दूरवर एक आडवी रेघ दिसते, तिच्याशी डोळा रस्त्याचा कल ताडून बघतो. इथं ती रेघच नाही. दोन्ही बाजूंना झाडी, मागं टेकडी. शिवाय आजूबाजूची सगळी जमीनच एका बाजूला कललेली आहे. तीव्र उतारावर मध्येच सौम्य उताराचा तुकडा आला, की डोळ्याला तो चढ वाटतो. आपण चढ म्हणतो तो खरं तर उतार. गाडी गुमान उतारानंच चालली आहे. चुकतोय तो आपला डोळा.

गवंड्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. भिंत सरळ आहे का, हे तो डोळ्यानं ठरवत नाही. ओळंबा सोडतो, पाणसळ ठेवतो. मी मोबाइलमधली पाणसळ उघडून रस्त्यावर ठेवली. बुडबुडा सरकला, उतार कुठं आहे ते दाखवून मोकळा झाला. आईनं तो बघितला, मान हलवली आणि म्हणाली, “बरं. पण चढच दिसतोय.”

तिचं बरोबर आहे. मलाही चढच दिसतोय. कारण समजलं म्हणून भास जात नाही, हीच यातली खरी मौज. जादूगारानं पत्ता कुठं लपवला ते सांगितलं की जादू संपते. इथं संपत नाही.

लडाखला जाऊन आलेल्या मराठी मंडळींना हे ऐकून काहीतरी आठवलं असेल. लेहहून कारगिलकडे जाताना साधारण ३० किलोमीटरवर अशीच एक मॅग्नेटिक हिल आहे. तिथं गाडी उभी करायची, व्हिडिओ काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. तिथं झाडी नाही, पण उघड्याबोडक्या डोंगरांचे तिरके उतार तेच काम करतात.

(दृश्य: स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या काळसर हिरव्या रांगा, मध्येच एक लालभडक मेपल.)

आता पानं. इथंही डोळा थोडा खोटं बोलतोच.

हे झाड बघा. मागं स्प्रूस, पुढं मेपल. लाल किती पेटलाय! आता याच झाडाचं गळालेलं पान उचलून करड्या रस्त्यावर ठेवू. तेच पान, तोच उजेड. आणि लाल जरा उतरला. फ्रान्सच्या गोब्लाँ या भिंतीवर लावायची चित्रं विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तिथं तक्रार यायची. शेव्रल यांनी तपासलं, तर धाग्याचा रंग पक्का होता. फिका पडत होता तो शेजारच्या रंगांमुळं. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपानं मांडला. हिरव्या साडीला लाल काठ का उठून दिसतो, हे मात्र आपल्या विणकरांना ग्रंथ न वाचताही माहीत होतं.

पानाच्या आत काय चालतं, तेही थोडक्यात. पिवळा रंग उन्हाळाभर पानात असतोच, फक्त हरितद्रव्याखाली झाकलेला. दिवस लहान होतात, झाड हरितद्रव्य मोडीत काढतं आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नवा तयार होतो. पान आणि फांदी यांच्यामधली वाट बंद होऊ लागते, साखर पानात अडकते आणि तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य बनतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठण्याइतका नाही, असं जमून आलं की रंग चढतो. आमसुलाला लाली देणारं द्रव्य याच कुळातलं. हे ऐकल्यावर आईला त्या झाडाबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला.

(दृश्य: मंक्टन. चॉकलेटी पाण्याची रुंद नदी. काठावर माणसं जमली आहेत.)

ही पेटिकोडिअॅक नदी. फलकावर आजची भरतीची वेळ लिहिली आहे. गाडीनं फसवल्यामुळं आता मी सावध आहे.

(दृश्य: वळणावरून एक पांढरी रेघ सरकत येते. आवाज वाढतो.)

नदीच्या पात्रभर एक लाट येतेय. समुद्राकडून, उगमाच्या दिशेनं. तिच्यामागचं पाणी उलटं वाहतंय. आणि हा भास नाही. नदी खरोखर उलटी फिरली आहे.

ही नदी ज्याला मिळते, त्या फंडीच्या उपसागरात जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्या येतात. काही ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा. एवढं पाणी नदीच्या अरुंद मुखात घुसलं की त्याची भिंत होऊन आत येते. इंग्रजीत या लाटेला टायडल बोअर म्हणतात. नावात बोअर असलं तरी कंटाळा अजिबात येत नाही.

१९६८ साली नदीवर बांध घातला, गाळ साचला आणि लाट जेमतेम उरली. २०१० मध्ये दरवाजे कायमचे उघडले आणि ती परतली. २०१३ मध्ये दोन सर्फरांनी या एकाच लाटेवर २९ किलोमीटर मजल मारली.

काठावरचे सगळे टाळ्या वाजवत होते. आई शांत. “खाडीत रोजच पाणी उलटं येतं की,” ती म्हणाली. “आणि आज तर पौर्णिमा. उधाण असणारच.”

माहितीपटासाठी मी भरतीची कोष्टकं वाचून आलो होतो. तिनं पंचांग बघितलं होतं.

(दृश्य: जेवणाचं टेबल. टर्की, क्रॅनबेरीची चटणी, भोपळ्याची गोड पाई, मटार. भिंतीवर कॅनडाचा झेंडा.)

जेवण होईपर्यंत एक खेळ. झेंड्यावरचं लाल पान विसरा आणि वरच्या टोकाच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा बघा. दोन माणसं कपाळाला कपाळ भिडवून भांडताहेत. दिसली? त्यांना जॅक आणि जाक म्हणतात. एक इंग्रजी, दुसरा फ्रेंच. कॅनडात दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा असलेला प्रांत एकच, तो हाच, त्यामुळं इथल्या भिंतीवर ते जास्तच शोभतात. हा झेंडा १९६५ साली फडकला, तेव्हा भांडण काढायचा कुणाचा विचार नव्हता. पण एकदा दिसले की ते दोघे जात नाहीत.

आता पानाच्या मध्यावर तीस सेकंद नजर रोखा आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. निळसर हिरवं पान उमटेल. लाल बघून डोळा थकला, की उरलेले रंग पुढं येतात.

(दृश्य: संधिप्रकाश. मेपल काळा पडत चाललाय, स्प्रूस अजून दिसतोय.)

उजेड कमी होताना लाल आधी विझतो. दुपारी पेटलेलं झाड आता कोळशासारखं दिसतंय आणि हिरवं अजून तग धरून आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळपास दिसतच नाही. पुर्किनये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे टिपलं.

(दृश्य: झाडांमागून चंद्र उगवतोय. केवढा तरी मोठा.)

२०१९ आणि २०२२, या दोन्ही वर्षी कोजागरी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या रविवारी आली. हे चित्रण २०२२ चं. मसाला दूध गॅसवर आहे, जायफळ रत्नागिरीचं.

उगवता चंद्र परातीएवढा दिसतोय. मी ताटातला एक मटार आईच्या हातात दिला. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटायचा. चंद्र दाण्यामागं नाहीसा झाला. तिनं हात खाली घेतला. पुन्हा परात. खरं तर क्षितिजावरचा चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतका, सुमारे ६,४०० किलोमीटर लांब असतो. म्हणजे दिसायला हवा तो किंचित लहान. तो मोठा का दिसतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

(दृश्य: रात्र. चंद्र वर आलाय. अंगणात दुधाचे पेले.)

आईनं पेल्यात चंद्र बघितला, मग वर बघितला. “लहान झाला,” म्हणाली.

आणि खिशातून तोच मटार काढून तिनं हात लांब केला.