एलियाहूची ये-जा

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘ज्यू आख्यायिका आणि शिकवण’ असा छापलाय. बॅबिलोनी तालमूद म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, रब्बींच्या, चर्चांचा संग्रह; त्याची पत्रं मोजली तर २,७११ भरतात. पाठपोट धरली तर पानं त्याच्या दुप्पट. त्यात मिद्राश, म्हणजे बायबलवरची रब्बींची भाष्यं, आलेलं नाही; झोहर हा गूढवाद्यांचा ग्रंथ आलेला नाही. तासाभरात हे सगळं सांगतो म्हणणारा वक्ता एक तर थापाड्या असणार, नाही तर सूची वाचून दाखवणार. म्हणून मी आज एकाच माणसाचं बोट धरून चालणार आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात तो ‘एलीया’ आहे. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात, म्हणजे संदेष्टा एलियाहू. मीही तेच नाव वापरतो.

मूळ ग्रंथातला एलियाहू मोठा तापट आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, अहाब राजाच्या काळातला. देशावर दुष्काळ आणतो. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान देतो, आकाशातून अग्नी उतरवतो आणि मग त्या सगळ्यांना ठार करवतो. राणी ईजबेल खवळते, तसा जीव घेऊन पळतो आणि होरेब डोंगरावरच्या गुहेत येऊन बसतो. तिथे देव विचारतो, “एलियाहू, तू इथे काय करतोयस?” हा म्हणतो, “मी तुझ्यासाठी आवेशाने झटलो. या लोकांनी तुझा करार मोडला, तुझ्या वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले. मी एकटा उरलोय.” मग वादळ येतं, त्यात देव नाही. भूकंप होतो, त्यातही नाही. अग्नी येतो, त्यातही नाही. शेवटी एक अगदी बारीक, शांत आवाज येतो. देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो, आणि एलियाहू पुन्हा तेच उत्तर देतो. शब्दाला शब्द तेच. त्यानंतर देव सांगतो, आता जा आणि तुझ्या जागी अलीशाला नेम.

इथे रब्बींचे कान टवकारले. एवढं सगळं दाखवलं, तरी या माणसाचं एक अक्षर बदललं नाही! मेखिल्ता नावाच्या जुन्या मिद्राशात यावर निवाडा आहे: एलियाहूने बापाचा मान राखला, लेकराचा नाही. बाप म्हणजे देव, लेकरू म्हणजे इस्राएलचे लोक. संदेष्ट्याने लोकांविरुद्ध देवाकडे चुगली करायची नसते, देवापुढे लोकांची बाजू मांडायची असते. ‘पिर्के द-रब्बी एलिएझर’ या नंतरच्या ग्रंथात त्याची शिक्षाही सांगितली आहे. लोकांनी करार मोडला म्हणतोस ना? मग यापुढे प्रत्येक सुंतेला तू जातीने हजर राहायचं आणि करार पाळला जातोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. करार आणि सुंता, दोन्हींना हिब्रूत एकच शब्द, ‘ब्रीत’. म्हणून आजही ज्यू घरात मुलाची सुंता होते तेव्हा एक खुर्ची एलियाहूची म्हणून मांडतात. पाहुण्यांना तो मान वाटतो. रब्बींच्या लेखी ती आरोपीची खुर्ची आहे, निदान मला तरी तसं दिसतं.

बायबलमधल्या दुसऱ्या राजे ग्रंथात अग्नीचा रथ येतो आणि तो वावटळीतून सदेह वर जातो. मेला असं कुठेच लिहिलेलं नाही. मेला नाही म्हणजे येऊ शकतो, आणि तालमूदमध्ये तो सतत येत असतो. बाजारात भेटतो, पडक्या घराच्या दारात उभा राहतो, पाठशाळेत बसतो. आणि आता तो तापट राहिलेला नाही.

बे लापत गावच्या बाजारातली गोष्ट घ्या. हे इराणातलं गाव, पुढे गुंदेशापूर म्हणून नावाजलेलं. रब्बी बरोका तिथे एलियाहूला विचारतो, “या बाजारात परलोकात वाटा असलेला कुणी आहे का?” “नाही.” तेवढ्यात एक माणूस जातो. पायात काळे जोडे, अंगावरच्या वस्त्राला धर्माज्ञेचा निळा धागा नाही. एलियाहू म्हणतो, “हा आहे.” रब्बी त्याच्या मागे धावतो. तो निघतो तुरुंगाचा पहारेकरी. सांगतो, मी स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवतो, मधे माझी खाट टाकतो, म्हणजे कुणाच्या अब्रूला हात लागू नये. निळा धागा का नाही? सरकारी लोकांत वावरतो, मी ज्यू आहे हे त्यांना कळू नये. ज्यूंवर एखादा हुकूम निघणार असला की रब्बींना आधी कळवतो. पुढे दोन भाऊ जातात. “हे दोघेही,” एलियाहू म्हणतो. त्यांचा धंदा काय? “आम्ही विदूषक. उदास माणूस दिसला की त्याला हसवतो. दोघं भांडताना दिसले की खटपट करून समेट घडवतो.” एवढीच गोष्ट. कर्मेलवर ४५० जणांचा निकाल लावणारा माणूस बाजारात उभा राहून विदूषकांकडे बोट दाखवतोय.

आता भट्टीची गोष्ट. ज्यू परंपरेवर दोन पुस्तकं वाचलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते, आणि बहुतेक जण ती अर्धीच सांगतात. मातीची एक भट्टी आडव्या चकत्यांत कापून, मधे वाळू भरून पुन्हा रचली. तिला विटाळ लागतो की नाही? रब्बी एलिएझर म्हणाले नाही, बाकी सगळे म्हणाले लागतो. एलिएझरनी जगातले सगळे युक्तिवाद केले, कुणी ऐकेना. तेव्हा म्हणाले, माझं खरं असेल तर ते कॅरोबचं झाड सांगेल. झाड उपटून शंभर हात लांब जाऊन पडलं. “झाडावरून पुरावा होत नाही.” ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं. “ओढ्यावरूनही नाही.” पाठशाळेच्या भिंती कलू लागल्या. रब्बी यहोशुआ भिंतींनाच दरडावले, “विद्वान वाद घालतायत, तुमचा काय संबंध?” यहोशुआंच्या मानाखातर भिंती पडल्या नाहीत, एलिएझरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. तालमूद म्हणतं, अजून तशाच कलत्या आहेत. शेवटी आकाशवाणी झाली. हिब्रूत तिला ‘बत कोल’ म्हणतात, अक्षरशः ‘आवाजाची मुलगी’. ती म्हणाली, निकाल एलिएझरसारखाच आहे. यहोशुआ उठून उभे राहिले आणि तोरातलंच, म्हणजे मोशेच्या ग्रंथांतलंच, वचन टाकलं, “ती आकाशात नाही.” म्हणजे तोरा एकदा सिनाय डोंगरावर दिलीस, आता बहुमताने ठरेल.

पुढे रब्बी नाथानला एलियाहू भेटला. “त्या वेळी देवाने काय केलं?” एलियाहू म्हणाला, “हसला. म्हणाला, माझ्या पोरांनी मला हरवलं, माझ्या पोरांनी मला हरवलं.”

सगळे इथे टाळ्या घेऊन खाली बसतात. पण तालमूदची गोष्ट इथे थांबत नाही. त्याच दिवशी एलिएझरनी शुद्ध ठरवलेल्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना वाळीत टाकलं. बातमी सांगायला रब्बी अकिवा गेले, काळे कपडे घालून, चार हात लांब बसून. एलिएझरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जगातलं जैतून, गहू, जव यांचं एक तृतीयांश पीक करपलं. वाळीत टाकणाऱ्यांचे प्रमुख रब्बान गमलिएल. त्यांची बहीण इम्मा शालोम ही एलिएझरांचीच बायको. नवऱ्याने प्रार्थनेत पालथं पडून देवाकडे गाऱ्हाणं मांडू नये म्हणून ती त्यांच्यावर पाळत ठेवून असे. एक दिवस तिची नजर चुकली. एक पाठ सांगतो दारात भिकारी आला, ती भाकरी द्यायला गेली. परत येऊन बघते तर नवरा पालथा पडलेला. म्हणाली, “उठा, माझ्या भावाला मारलंत तुम्ही.” तेवढ्यात गमलिएलांच्या घरून मृत्यूची वार्ता आली. तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्या वडिलांच्या वडिलांच्या घरी सांगत, सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्याच्या गाऱ्हाण्याचा दरवाजा बंद होत नाही.

आणि ही गोष्ट तालमूदात कुठे येते? शब्दांनी माणसाला दुखावणं, या कायद्याच्या चर्चेत. तिथला मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ कायदेपाठ, सांगतो, घ्यायचं नसेल तर दुकानदाराला ‘हे केवढ्याला’ असं विचारू नका. (सभागृहात हशा) हसा, पण त्याच चर्चेत ही भट्टी आहे. लोक तिच्यात लोकशाही शोधतात, ती आहेही. पण ज्यांनी ती लिहिली त्यांना वादात जिंकलेल्यांची बाजू मांडायची नव्हती, असं मला वाटतं. म्हणून देवाचं हसू मधे आहे आणि शेवटी इम्मा शालोम आहे.

एलियाहू वरच्या बातम्या खाली आणतो आणि त्यासाठी मारही खातो. रब्बी यहूदांच्या पाठशाळेत तो एकदा उशिरा आला. का? अब्राहामाला उठवलं, हात धुवायला पाणी दिलं, प्रार्थना झाल्यावर निजवलं, मग इसहाक, मग याकोब. तिघांना एकदमच का नाही उठवलंस? एकत्र प्रार्थना केली तर मसीहाला वेळेआधी खाली ओढून आणतील! खाली कुणी असे आहेत का? हा बोलून गेला, “आहेत, रब्बी हिय्या आणि त्यांची मुलं.” झालं. यहूदांनी उपास जाहीर केला, हिय्यांना प्रार्थनेला उभं केलं. प्रार्थनेतले ‘वारा वाहवणारा’ हे शब्द म्हणताच वारा सुटला, ‘पाऊस पाडणारा’ म्हणताच पाऊस आला, ‘मेलेल्यांना उठवणारा’वर येतायत तोच जग हादरलं. वर चौकशी झाली, गुपित कुणी फोडलं? एलियाहूला आगीचे साठ फटके बसले, आणि मग त्यालाच अग्नीच्या अस्वलाचं रूप घेऊन प्रार्थना उधळून लावायला पाठवलं.

गूढवाद्यांबद्दल थोडक्यातच बोलतो. रोमन सत्तेच्या भीतीने शिमोन बार योखाई बारा वर्षं गुहेत लपले होते. सम्राट मेल्याची बातमी गुहेच्या तोंडाशी येऊन एलियाहूनेच दिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये झोहर प्रकट झाला तो याच शिमोनांच्या नावाने, आणि अभ्यासक त्याचा कर्ता म्हणून मोशे द लिओनकडे बोट दाखवतात. सोळाव्या शतकात गालीलातल्या ‘सफेद’ नावाच्या गावी इसहाक लुरिया दोनेक वर्षंच शिकवून वारले, पण कब्बालाचा, म्हणजे ज्यू गूढविद्येचा, चेहरा बदलून गेले. त्यांचे शिष्य म्हणत, त्यांना हे एलियाहू शिकवतो. ‘गिलुई एलियाहू’, एलियाहूचं प्रकट होणं, ही गूढवाद्यांच्या लेखी ज्ञानाची एक पायरीच झाली. मला यापेक्षा बाजारातला एलियाहू जवळचा वाटतो. ज्याची त्याची आवड.

तालमूदात वाद सुटला नाही की शेवटी एक शब्द येतो, ‘तेकू’. अर्थ, राहू दे तसंच. लोकांनी त्याची फोड केली: तिश्बी, म्हणजे एलियाहू, येऊन शंका सोडवील. आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला तरी ‘तेकू’च म्हणतात. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री द्राक्षारसाचे पेले चार की पाच, हाही असाच लोंबकळलेला वाद. म्हणून एक पेला भरून ठेवतात, पीत कुणी नाही. तो एलियाहूचा.

आता आपल्या घराजवळ येऊ. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची आख्यायिका. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. शेमा ही प्रार्थना त्यांनी जपली. तालमूद त्यांच्याकडे शतकानुशतकं नव्हतं. म्हणजे भट्टी नाही, विदूषक नाहीत, इम्मा शालोम नाही. तरी एलियाहू आहे, आणि असा की नवसाला पावतो. मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा, ताटाभोवती फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात. एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणतात आणि प्रसादासारखं वाटतात. इस्राएलला गेलेल्यांनी दिमोना, लोद, अश्दोदमध्येही मलिदा सोडलेला नाही. त्यांच्यात कीर्तनंही होत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून रचलेली, आख्यानं बायबलमधली.

अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे. ‘झाडांचं नववर्ष’ या ज्यू सणाच्या सुमाराला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लोक तिथे मलिदा घेऊन जातात. खडकावर खुणा आहेत. घोड्याचे खूर आणि रथाची चाकं, एलियाहू इथून वर गेला तेव्हा उमटलेली, असं सांगतात. शंकेखोर माणूस लगेच विचारेल, अहो, तो तर यार्देन नदीपलीकडून वर गेला असं ग्रंथात आहे, कोकणातून कसा जाईल? तालमूद वाचून वाचून मला आता या प्रश्नाची भीती वाटत नाही. ग्रंथही खरा आणि खडकही खरा धरला, तर एकच गोष्ट निघते. एकदा वर गेलेला माणूस दुसऱ्यांदा वर गेला, तर मधे तो इथे खाली आलेला असणार.