जुनी औषधे, नवा विषाणू आणि संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी २०२०. शांघायच्या संशोधकांनी कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या विकराची (एन्झाइमची) त्रिमितीय रचना जगासाठी खुली केली. हे विकर अडवले तर विषाणूची वाढ खुंटते. मग देशोदेशीचे संगणक कामाला लागले. बाजारात असलेल्या औषधांचा एकेक रेणू घ्यायचा, विकराच्या खाचेत निरनिराळ्या बाजूंनी बसवून पाहायचा आणि किती घट्ट बसतो त्याचे गुण द्यायचे. याला 'डॉकिंग' म्हणतात. जुन्या औषधाचे दुष्परिणाम आधीच ठाऊक असतात, त्यामुळे काही वर्षे वाचू शकतात.

पण पत्रिकेत गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होतोच असे नाही. ते औषध पेशीत शिरेल का, यकृत त्याचा फडशा पाडेल का, रक्तात पुरेसे उतरेल का, हे गुण सांगत नाहीत.

प्रयोगशाळेतही चकवा असतोच. आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांवरचे आणि खरजेवरचे औषध, घ्या. एप्रिल २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की बशीतल्या पेशींमध्ये ते विषाणूला जवळजवळ संपवते. बातमी जगभर गेली. मात्र बशीत वापरलेले प्रमाण नेहमीच्या गोळीने रक्तात पोहोचते त्याच्या कितीतरी पट होते. तरी मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा झाली. भीतीच्या त्या दिवसांत लोकांनी आशेने गोळ्या घेतल्या, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे मोठ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही.

आता दुसरी बाजू, कारण जुन्या औषधांत संगणकाने शोध घेण्याची ही पद्धत मला मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२० मध्येच लंडनच्या 'बेनेव्होलंट एआय' कंपनीने संगणकाच्या मदतीने शोधनिबंधांतली माहिती जोडून बॅरिसिटिनिब सुचवले. हे संधिवाताचे औषध. ते विषाणूला पेशीत शिरू देणार नाही, असा अंदाज होता. शिवाय दाह कमी करण्याचा त्याचा गुण माहीत होताच. पण अंदाजावर कोणी थांबले नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयातल्या ८,१५६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांवरच्या गटात १४ टक्के रुग्ण दगावले, बॅरिसिटिनिब मिळालेल्यांत १२ टक्के. फरक छोटा वाटेल, पण शंभरात दोन माणसे म्हणजे दोन घरे. हा फायदा मुख्यतः दाह शमल्यामुळे झाला असावा, असे मानले जाते.

आणि हे औषध मनाने घेण्याचे नाही. ते प्रतिकारशक्ती दाबते, त्यामुळे शरीरात दडलेला क्षय उसळू शकतो.