मंद्र पंचम बोलला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मोठ्या बासरीबद्दल. जत्रेतली छोटी बासरी वेगळी. ही अडीच फुटांची, खर्जात बोलणारी. तिला मैफिलीत बसवलं पन्नालाल घोष यांनी. 1911 साली बारिसालला (आता बांगलादेशात) जन्मलेले घोषबाबू पुढे दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले. साधारण 32 इंची बांबू आणि मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, तीव्र मध्यमासाठी सातवं भोक, ही त्यांची देणगी. नळी जितकी लांब, तितका स्वर खाली.

बासरी विकत घेताना पाहायचा तो मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. बोटांची पहिली सहा भोकं बंद करा, हलकी फुंक घाला, स्वर भरून यायला हवा. परत सांगतो, मंद्र पंचम!

आमचा एक मित्र नाशिकच्या सातपूरला टर्नर आहे, लेथवर काम करतो. डिसेंबरातल्या सकाळी आम्ही दोघं मेन रोडजवळच्या एका दुकानात गेलो. गड्यानं खिशातून काय काढावं? व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची पट्टी! एकेका बासरीच्या तोंडाला लावून बांबूची जाडी मोजायला लागला. "ही एका अंगाला पातळ आहे," म्हणत चार बाजूला काढल्या. दुकानातले बाबा शांतपणे बघत होते. मापात बसलेली एक त्यानं वाजवली, तर मोबाइलवरच्या तानपुऱ्यापेक्षा उतरलेली. मित्र हिरमुसला. बाबा म्हणाले, "दादा, गारठलीय ती. जरा ऊब येऊ द्या." थोडा वेळ फुंकल्यावर सूर चढून जागेवर आला, पण मंद्र पंचम काही केल्या बोलेना, नुसती हवा फसफसायची. मग बाबांनी बाजूला काढलेल्यांतलीच एक त्याच्या हातात दिली. त्यानं भोकं झाकली, फुंक घातली आणि दचकून बोटं उचलली. "अहो, बोटांखाली थरथरतंय!" तीच घेतली. व्हर्नियर काउंटरवरच राहिलं. बाबांनी पायऱ्या उतरून आणून दिलं.

म्हणून आधी ऊब द्या, मग सूर तपासा. आधी ऊब, मग सूर. आणि बोलता बोलता सांगतो, गणपतीच्या मंडपात बासरीवर एवढा एको चढवू नका हो. खालचे स्वर एकमेकांत मिसळून जातात, वाजवणाऱ्याची मेहनत वाया जाते.

हाताचंही बघा. पांढरी तीनच्या, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेल्या बासरीवर उजवी अनामिका ताणून दुखत असेल, तर आधी पांढरी पाचची, आखूड बासरी घ्या. भोकं बोटांच्या टोकांनी झाकू नका, पेरांनी झाका.

आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी. बांबू तडकतो. आतून तेलाचा हात फिरवा, दोऱ्याची वेटोळी सैल झालीत का पाहा आणि बासरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.